दोन संस्थांपैकी एक निवडताना: नागपुरातील कॉम्प्युटर सायन्स प्रवेशासाठी पायरीपायरीने तपासणी

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की बहुतेक घरांतली चर्चा थोड्याच दिवसांत दोन नावांवर येऊन थांबते. त्यानंतर जो तो आपल्या ओळखीतला एक विद्यार्थी उदाहरण म्हणून पुढे करतो, आणि चार वर्षांचा व लाखो रुपयांचा निर्णय अशा ऐकीव उदाहरणांवर होऊन जातो. हे टाळता येते. दोन्ही संस्थांकडून एकाच प्रकारचे कागद मिळवायचे, ते शेजारीशेजारी ठेवायचे आणि तुलना संस्थेच्या नावाची न करता आपल्याला मिळू शकणाऱ्या नेमक्या शाखेची करायची. या कामाला साधारण आठवडाभराचा वेळ लागतो आणि तो विकल्प अर्ज, म्हणजे पसंतीच्या संस्था व शाखांची क्रमवार यादी, भरण्यापूर्वीच काढावा लागतो, कारण खरा निर्णय त्या अर्जातील क्रमानेच होतो.

पहिली पायरी: संस्था कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

नागपुरात कॉम्प्युटर सायन्सची पदवी देणाऱ्या संस्था बाहेरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांच्या प्रवेशाचे मार्ग, पदवी देणारे विद्यापीठ आणि मिळणाऱ्या सवलती वेगवेगळ्या आहेत. दक्षिण अंबाझरी मार्गावरील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे व्हीएनआयटी, आणि २०१६ मध्ये सुरू झालेली वारंग्याची ट्रिपल आयटी, म्हणजे भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था, या दोन्हींचे प्रवेश जेईई मेनच्या गुणवत्ता क्रमांकावर जोसाच्या, म्हणजे देशपातळीवरील संयुक्त जागावाटपाच्या, केंद्रीय प्रक्रियेतून होतात. त्यांतही एक फरक आहे. व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात, तर ट्रिपल आयटीत गृहराज्याचा असा कोटा नाही. त्यामुळे दोन्हींचे मागील वर्षांचे शेवटचे क्रमांक एकाच रांगेत ठेवून वाचले, तर निष्कर्ष चुकतो.

दुसरा गट राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा आहे. त्यात २०१६ मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येते, तसेच वानाडोंगरीचे यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारखी स्वायत्त महाविद्यालयेही येतात. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवते व परीक्षा स्वतः घेते, मात्र पदवी नागपूर विद्यापीठाची असते. येथील प्रवेश मुख्यतः राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतात. तिसरा गट स्वतःची पदवी देणाऱ्या खासगी व अभिमत विद्यापीठांचा आहे. काटोल मार्गावरील जुने रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालय आता खासगी विद्यापीठ झाले आहे, आणि वाठोड्याचा सिंबायोसिसचा परिसर अभिमत विद्यापीठाचा भाग आहे.

हा प्रकार ओळखण्याला मी पहिले स्थान देतो, कारण पुढचा पैशाचा सगळा हिशोब त्यावर उभा राहतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून (कॅप) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे मात्र या योजनेत येत नाहीत, आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशालाही ती लागू नाही. खुल्या प्रवर्गातील ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची मदत मिळते. तिथेही प्रवेशाचा मार्ग महत्त्वाचा असतो.

दुसरी पायरी: शाखेच्या नावामागचा अभ्यासक्रम वाचा

कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी अनेक नावे आता यादीत दिसतात. एका संस्थेत मूळ कॉम्प्युटर सायन्स आणि दुसऱ्या, अधिक नावाजलेल्या संस्थेत त्यातली एखादी विशेष शाखा मिळत असेल, तर पालक गोंधळतात. यावर माझा सल्ला असा की शाखेचे नाव बाजूला ठेवावे आणि दोन्हीकडचा तिसऱ्या ते सहाव्या सत्राचा अभ्यासक्रम गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या विषयसूचीशी ताडून पाहावा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, कॉम्प्युटर नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर हे विषय पूर्ण श्रेयांकांसह आणि प्रात्यक्षिकांसह असतील, तर शाखेच्या नावाची फार चिंता करण्याचे कारण नाही. त्यांतले तीन-चार विषय ऐच्छिक करून त्यांच्या जागी एखाद्या सॉफ्टवेअरची ओळख करून देणारे छोटे विषय घातले असतील, तर ती शाखा मी खाली ठेवेन. बाजारातली साधने दर काही वर्षांनी बदलतात, मात्र नोकरीच्या मुलाखतीत आणि पुढील शिक्षणात प्रश्न याच पायाभूत विषयांवर विचारले जातात.

अभ्यासक्रम कागदावर चांगला असणे आणि तो तसा शिकवला जाणे यांत अंतर असते. ते अंतर मोजण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रश्नपत्रिका. दोन्ही ठिकाणच्या तिसऱ्या सत्राच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या मागील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून किंवा ग्रंथालयातून मिळवाव्यात. समजा एका प्रश्नपत्रिकेत ‘बायनरी सर्च ट्री म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत दहा संख्यांचा एक क्रम दिला आहे, त्या क्रमाने तयार होणारे ट्री काढायला सांगितले आहे, त्यातील मुळाची संख्या काढून टाकल्यावर उरणारे ट्री मागितले आहे आणि एखादी संख्या शोधण्यासाठी जास्तीत जास्त किती तुलना कराव्या लागतील हे कारणासह विचारले आहे. पहिला प्रश्न आदल्या रात्री पाठ करून सुटतो, तर दुसरा वर्गात हाताने ट्री काढल्याशिवाय सुटत नाही. प्रश्नपत्रिका जशी असते तसे विद्यार्थी अभ्यास करतात, म्हणून हे दोन कागद कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगतात. बारावीच्या विद्यार्थ्याला विषय कळत नसला तरी पाठांतराचा प्रश्न कोणता आणि विचार करायला लावणारा कोणता हे ओळखता येते. शंका वाटल्यास एखाद्या अभियंता नातेवाइकाला दोन्ही प्रश्नपत्रिका दाखवाव्यात.

तिसरी पायरी: शिक्षक मोजा

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरील कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा बऱ्याच ठिकाणी वाढल्या आहेत. जागा वाढल्याने प्रवेश सोपा होतो हे खरे असले, तरी शिक्षक त्याच प्रमाणात वाढले का, हा प्रश्न विचारायलाच हवा. परिषदेच्या निकषाप्रमाणे पदवी अभ्यासक्रमात २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, आणि प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण १:२:६ असावे.

हिशोब करून पाहा. एखाद्या विभागात दरवर्षी १८० विद्यार्थी घेत असतील, तर चार वर्षांचे ७२० विद्यार्थी होतात आणि त्यांच्यासाठी ३६ शिक्षक लागतात. त्यांपैकी ४ प्राध्यापक, ८ सहयोगी प्राध्यापक आणि २४ सहायक प्राध्यापक असायला हवेत. आता संस्थेच्या संकेतस्थळावर विभागातील शिक्षकांची यादी उघडा. ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ या नावाने ही माहिती देणे संस्थांना बंधनकारक आहे. प्रत्येक शिक्षकाची पदवी कोणत्या विषयातली आहे, पीएचडी झालेले किती आणि रुजू झाल्याची तारीख काय, या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. बहुतेक सहायक प्राध्यापक गेल्या वर्षभरातच रुजू झालेले दिसले, तर विभाग नुकताच वाढला आहे किंवा तिथे शिक्षक टिकत नाहीत, असे दोन अर्थ संभवतात. यांतला खरा अर्थ कोणता हे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी लगेच सांगतात.

मानांकनांबाबत थोडक्यात सांगतो. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, तर एनबीएची मान्यता त्या-त्या अभ्यासक्रमाची असते. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या शाखेची एनबीए मान्यता आज वैध आहे का, एवढे नेमके पाहावे. नव्याने सुरू झालेल्या विशेष शाखेची एकही तुकडी अजून बाहेर पडलेली नसेल, तर तिला ही मान्यता नसणे स्वाभाविक आहे, आणि शेजारच्या मूळ शाखेची मान्यता तिला आपोआप लागू होत नाही. भारत २०१४ पासून एनबीएच्या मार्फत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, स्थायी सदस्य आहे. परदेशात पुढे अभियंता म्हणून काम करण्याचा विचार असेल, तर मान्यता टियर वन प्रकारची, म्हणजे या करारात धरली जाणारी, आहे का, हेही विचारावे.

चौथी पायरी: प्लेसमेंटचे आकडे मूळ तक्त्यातून वाचा

फलकावर झळकणारे सर्वोच्च पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते. आपल्याला माहिती हवी असते ती वर्गाच्या मधोमध असलेल्या विद्यार्थ्याची. ती मिळण्याची एक चांगली जागा म्हणजे केंद्र शासनाच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थेने स्वतः भरून दिलेला तक्ता. सहभागी संस्था हा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. चार वर्षांच्या पदवीच्या ओळीत पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी, ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केलेले, नोकरी लागलेले, त्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक आणि उच्च शिक्षणाला गेलेले, असे रकाने असतात.

समजा ‘अ’ संस्थेच्या तक्त्यात ६०० प्रवेश, मुदतीत पदवीधर ४८०, नोकरी मिळालेले ३६० आणि पगाराचा मध्यक साडेपाच लाख आहे. ‘ब’ संस्थेत ६०० प्रवेश, पदवीधर ५४०, नोकरी मिळालेले ३३० आणि उच्च शिक्षणाला गेलेले १२० असून मध्यक पाच लाख आहे. वरवर ‘अ’ सरस दिसते. मात्र तिथे १२० विद्यार्थी मुदतीत उत्तीर्णच झालेले नाहीत, तर ‘ब’ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांपैकी ४५० जणांचा मार्ग स्पष्ट झालेला आहे. मी ‘ब’ ला झुकते माप देईन. अर्थात हा तक्ता सर्व शाखांचा मिळून असतो, त्यामुळे त्याच्या जोडीला प्लेसमेंट कक्षाकडून केवळ कॉम्प्युटर विभागाची विद्यार्थीनिहाय यादी मागावी. यादीत दिलेल्या ऑफर मोजल्या आहेत की विद्यार्थी, हे विचारायला विसरू नये. एका विद्यार्थ्याला तीन ऑफर मिळाल्या तर आकडा तिप्पट दिसतो. पगारात एकदाच मिळणारा बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचे समभाग धरले आहेत का, आणि नोकरीसाठी बाँड आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

आणखी एक गोष्ट पालकांपर्यंत पोहोचत नाही. टीसीएससारख्या मोठ्या कंपन्यांची राष्ट्रीय पात्रता चाचणी कोणत्याही महाविद्यालयाच्या पात्र विद्यार्थ्याला देता येते. मिहानमध्ये टीसीएस व एचसीएल आहेत आणि शहरात पर्सिस्टंटसारखी कंपनीही आहे. केवळ ‘इथे मोठ्या कंपन्या येतात’ या कारणासाठी दुप्पट शुल्क भरण्यापूर्वी त्याच कंपन्यांत दुसऱ्या वाटेने जाता येते का, हे तपासावे. उन्हाळी इंटर्नशिप कितीजणांना आणि कुठे मिळाली, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो.

पाचवी पायरी: चार वर्षांचा खर्च एका पानावर मांडा

केवळ पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्काची तुलना पुरेशी नाही. त्यात विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस, बस, लॅपटॉप आणि दरवर्षीची शुल्कवाढ मिळवावी लागते. उमरेडच्या इतर मागास प्रवर्गातील एका मुलीचे उदाहरण घेऊ, जिच्या घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. स्वायत्त महाविद्यालयाचे वार्षिक शिक्षण शुल्क दीड लाख आणि खासगी विद्यापीठाचे तीन लाख आहे, असे समजू. कॅपमधून पहिल्या ठिकाणी गेल्यास चार वर्षांचे सहा लाख शिक्षण शुल्क माफ होते आणि तिला इतर शुल्के व राहण्या-जेवणाचा खर्च तेवढा उरतो. दुसऱ्या ठिकाणी बारा लाख भरावे लागतात. कागदावर दुप्पट दिसणारा फरक तिच्यासाठी संपूर्ण बारा लाखांचा ठरतो. तेवढ्या रकमेला पुरून उरेल असे दुसऱ्या संस्थेत काय आहे, हा प्रश्न मग नेमकेपणाने विचारता येतो.

कॅपमधील टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, प्रवर्ग न पाहता ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यांचा विकल्प संकेतांक वेगळा असतो, त्यामुळे तो अर्जात वेगळा भरावा लागतो. या जागेवर प्रवेश घेतल्यास पुढे शाखा किंवा संस्था बदलता येत नाही, हे लक्षात घेऊनच तिचा क्रम ठरवावा. कर्ज काढणार असाल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत दोन्हींपैकी कोणती संस्था आहे ते पाहा. यादीतील संस्थेसाठी तारणाविना कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व इतर शासकीय सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलतीची तरतूद आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कामे मात्र निकालाची वाट न पाहता आधीच हातात घ्यावीत. जूनमध्ये सेतू केंद्रावरची गर्दी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

सहावी पायरी: कामाच्या दिवशी विभागात जा

प्रवेश मेळावा सोडून एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, वर्ग सुरू असताना, दोन्ही ठिकाणी जावे. रीतसर परवानगी घेतल्यास विभागप्रमुख सहसा नाही म्हणत नाहीत. सूचना फलकावरील वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचे तास पाहा आणि त्याच वेळी त्या प्रयोगशाळेत डोकावून पाहा. तिथे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची बॅच आपापल्या संगणकावर बसलेली असेल आणि शिक्षक त्यांच्यामधून फिरत असतील, तर ते चांगले लक्षण आहे. तिसऱ्या वर्षाच्या चार-पाच विद्यार्थ्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकल फाइल पाहायला मागा. सर्व फाइलमध्ये तोच प्रोग्राम, व्हेरिएबलची तीच नावे आणि आउटपुटमध्ये तेच आकडे असतील, तर प्रयोग एकाने केला आणि बाकीच्यांनी उतरवला हे उघड आहे. फाइलमध्ये प्रत्येकाची मांडणी वेगळी असेल, चुकलेला भाग खोडून दुरुस्त केलेला असेल आणि शिक्षकाने समासात शेरा लिहिलेला असेल, तर तिथे काम होते असे खुशाल समजावे.

विद्यार्थ्यांशी बोलताना ‘कॉलेज कसे आहे’ असे विचारले की ‘चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘गेल्या सत्रात कोणत्या विषयाचे किती तास झाले नाहीत’, ‘शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तुम्ही स्वतः केला की बाहेरून आणला’, ‘संध्याकाळी पाचनंतर प्रयोगशाळा उघडी असते का’ असे विचारावे.

याच दिवशी घरापासूनचा प्रवास स्वतः करून पाहावा. वानाडोंगरी, खापरी आणि वारंगा ही ठिकाणे शहराच्या मध्यावरील बर्डीपासून (सीताबर्डी) चांगलीच दूर आहेत. मेट्रो लोकमान्य नगर व खापरीपर्यंत नेते, पण पुढचा टप्पा कसा गाठायचा ते पाहावे लागते. रोजचे तीन तास प्रवासात जाणार असतील, तर वसतिगृहाचा खर्च धरूनच तुलना करावी.

सातवी पायरी: कटऑफ योग्य ओळीत वाचा आणि विकल्पांचा क्रम लावा

कॅपच्या कटऑफ यादीत प्रवर्गाच्या संकेतापुढे एच, ओ किंवा एस ही अक्षरे असतात. एच म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातले उमेदवार, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले आणि एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. नागपूर किंवा वर्ध्याच्या विद्यार्थ्याने नागपूरच्या संलग्न महाविद्यालयासाठी एचची ओळ पाहावी आणि पुण्यातील संलग्न महाविद्यालयासाठी ओची ओळ पाहावी. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये वेगळे झाल्यामुळे चंद्रपूर व गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना नागपूरसाठीही ओचीच ओळ पाहावी लागते. या एका अक्षरामुळे अनेकांचा अंदाज चुकतो. मागील तीन वर्षांचे आकडे फेरीनिहाय लिहून घ्यावेत, आणि जागा वाढलेल्या शाखेचे जुने कटऑफ यंदा तंतोतंत लागू होतील असे मानू नये.

विकल्पांचा क्रम मिळण्याच्या शक्यतेवर लावू नका, इच्छेवर लावा. वरच्या क्रमांकावर अवघड संस्था टाकल्याने त्याच फेरीत खालच्या विकल्पाची संधी कमी होत नाही, कारण गुणवत्ता क्रमांकाने आपली पाळी येते तेव्हा यादीतला उपलब्ध असलेला सर्वांत वरचा विकल्प मिळतो. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. पुढील फेऱ्यांत वरचे किती विकल्प आपोआप गोठतात, हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत पाहावे. म्हणून ‘आधी मिळू तर द्या, मग पाहू’ अशा विचाराने दुसऱ्या पसंतीची संस्था पहिल्या क्रमांकावर कधीही लिहू नये. जोसामध्ये जागा मिळाल्यावर फ्रीज, फ्लोट आणि स्लाइड असे तीन पर्याय असतात. मिळालेली जागा कायम करायची असेल तर फ्रीज, त्याच संस्थेत वरची शाखा हवी असेल तर स्लाइड आणि वरची कोणतीही संस्था चालणार असेल तर फ्लोट निवडायचा असतो.

खासगी किंवा अभिमत विद्यापीठात आधी शुल्क भरून जागा राखली असेल, तर कॅपच्या फेऱ्यांच्या तारखा आणि त्या विद्यापीठाची प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख एकाच कागदावर लिहून ठेवावी. मुदतीत रद्द केल्यास शुल्कातून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली रक्कम परत करावी, असा नियामक संस्थांचा नियम आहे. तारीख उलटली की परताव्याची रक्कम घटत जाते. रद्द करण्याचा अर्ज लेखी किंवा ईमेलने द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर लगेच परत घ्यावीत, कारण संस्थेला ती स्वतःकडे अडवून ठेवता येत नाहीत.